बुडालेले दिवस: शून्य

दिल्ली
६ जुलै २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोन करून करून थकलो म्हणून लिहायला बसलो. तू फोन उचलत नाहीस, आणि दोन दिवसांनी 'बरी आहे, काळजी नको' एवढा मेसेज पाठवतेस. त्यापेक्षा पत्र बरं. निदान उत्तर तरी चार ओळींचं येईल.

मी दिल्लीत नेमकं काय काम करतो असं तू नेहमी विचारतेस आणि मी 'आकडेमोड' म्हणून टाळतो. या वेळी सांगतो, कारण काम तुझ्याकडेच आहे. खराब हवेमुळे देशाचं किती नुकसान होतं, याचा हिशेब आमची संस्था मांडते आहे. दवाखान्याचा खर्च, अकाली गेलेली माणसं, आणि आजारपणामुळे बुडालेले कामाचे दिवस. माणूस कामावर गेला नाही की तेवढं काम देशाच्या उत्पन्नातून वजा. अशा वजा दिवसांची बेरीज केली की सरकारला सांगता येतं, बघा, धूर फुकट पडत नाही.

शहरांची माहिती आमच्याकडे ढीगभर आहे. तुलनेला चांगल्या हवेची काही गावं हवी होती. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं आणि माझ्या तोंडून आपल्या येनखेड्याचं नाव निघून गेलं. तलाव, त्याच्या पाळीवरची झाडं, धानाच्या बांध्या, यापलीकडे आपल्याकडे आहे काय? सोबतच्या अर्जांचं पहिलं पान मी इथूनच भरलं आहे. लोकसंख्या, पाणी, जवळपास कारखाना आहे का, वगैरे. तू फक्त घरोघरी जाऊन पुढचे प्रश्न विचारायचे. अर्धं गाव तुझ्या अंगणवाडीत खिचडी खाऊन मोठं झालंय, तुला नाही कोण म्हणणार?

मामाजी गेले, तू घरात एकटी उरलीस, तेव्हा आलो होतो, तोच शेवटचा. तीन वर्षं होतील. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं तिला भेटायला तीन वर्षं सवड मिळत नाही, हे लिहितानाही बरं वाटत नाही. मेघा मजेत. डिंपल दुसरीत गेली.

तुझा,
प्रफुल्ल

मु. येनखेडा, पो. अड्याळ
२९ जुलै २०२५

चि. प्रफुल्ल यास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझे अर्ज भरून पाठवते आहे. काही पानांवर चिखल लागलाय. रोवण्याचे दिवस आहेत, माणसं घरात सापडतात कुठे? मी बांधावर छत्री धरून उभी राहून प्रश्न विचारले आणि बाया खाली वाकून धान रोवता रोवता उत्तरं देत होत्या. दिल्लीच्या साहेबांना सांग, चिखलही येनखेड्याचाच आहे, वेगळा पाठवलेला नाही.

घरातील कर्ती व्यक्ती कोण, हा तुझा पहिला प्रश्न. शेजारचा नत्थू छाती काढून म्हणाला, 'मीच त होय.' आतून त्याची बायको ताराबाई हसली ती बराच वेळ हसतच राहिली. मी नत्थूचंच नाव लिहिलं. म्हाताऱ्याला कशाला दुखवा.

मग तो सातवा प्रश्न. श्वासाच्या त्रासामुळे वर्षभरात कामाचे किती दिवस बुडाले. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. ताराबाई तर माझ्यावर चिडलीच. म्हणाली, 'रोवन्यात कोनी दिवस बुडवते का? एकबी नाई. लिहून घे.' मी लिहून घेतलं. पुढच्या घरीही तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. लिहून लिहून माझं शून्य फार गोल यायला लागलंय.

माझं स्वतःचं पान मात्र कोरं राहिलं. व्यवसायापुढे 'सेवानिवृत्त' लिहिलं की खाली सूचना आहे, सरळ शेवटच्या पानावर जा. गेले बापा शेवटच्या पानावर. तिथे फक्त सहीची जागा होती. ती केली.

फोनचं म्हणशील तर माझ्या मोबाइलमधून आवाज नीट जात नाही. दुरुस्तीला टाकीन कधीतरी. पत्रच लिहीत जा, मला आवडतं. पत्र उशाशी ठेवता येतं.

एक मागते. दिवाळीनंतर गावची मंडई असते, ती जत्रा तू विसरला नसशील. यंदा ये. मेघाला आण, पोरीला आण. मंडईच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे असतात, दारादारात चपलांचे ढीग पडतात. मामाजी गेल्यापासून माझ्या दारात माझीच एक जोडी असते. संध्याकाळी सगळे नाटकाच्या मंडपाकडे निघतात तेव्हा जाणारा प्रत्येक जण त्या जोडीकडे बघून जातो असं मला वाटतं. कदाचित कोणी बघतही नसेल. पण मला वाटतं.

तुझी आत्या,
रत्नमाला

दिल्ली
२१ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

अर्ज पोचले. चिखलाची पानं ऑफिसभर फिरली. तुझं अक्षर पाहून आमच्या साहेबांनी विचारलं, या बाई कुठल्या शाळेत शिकवत होत्या? मी म्हटलं, अंगणवाडीत. ते बराच वेळ पानं चाळत राहिले.

आणि ती शून्यं! इतकं कोरं गाव आमच्या यादीत दुसरं नाही. दिल्लीत आम्ही हाच प्रश्न विचारतो तेव्हा लोक बोटांवर मोजत बसतात. येनखेड्यात एकाही घरात एकही दिवस बुडाला नाही. मी तो तक्ता पाहत बसलो आणि मला घरची इतकी आठवण आली की उठून गच्चीवर गेलो.

आता जे सांगणार आहे ते मागच्या पत्रात सांगितलं नव्हतं. डिंपलला दम लागतो. दोन वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात इथली हवा इतकी बिघडली की शाळा बंद ठेवल्या, आणि आम्ही तिला महिनाभर एका खोलीत दारं-खिडक्या लावून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ तोंडाला मास्क लावून औषधाची वाफ द्यायची. ती त्याला वाफेचं मशीन म्हणते. मेघा रात्री तिच्या छातीला कान लावून झोपते. छातीत शिट्टी वाजायला लागली की उठून मशीन सुरू करते. तुला सांगितलं नाही, कारण तू तिकडे एकटी, ऐकून काय करणार होतीस?

डॉक्टर सरळ म्हणाले, हिवाळ्यात तिला दिल्लीबाहेर ठेवा. मेघाच्या शिकवण्या ऑनलाइन आहेत, तिला कुठूनही घेता येतील. मेघाच्या माहेरी आता कोणी उरलेलं नाही, ते तुला माहीतच आहे. तुझा तक्ता पाहिला त्या संध्याकाळी आम्ही दोघं बसलो आणि ठरवलं. दिवाळीनंतर होळीपर्यंत मेघा आणि डिंपल तुझ्याकडे राहतील. चालेल ना? शाळेचं मी इथे बोलून बघतो. मला मात्र इथेच राहावं लागेल, डिसेंबरात अहवाल निघणार आहे.

पोरीला मोकळी हवा मिळेल अशी जगात एक तरी जागा आपल्या ओळखीची आहे, या विचारानंच मला काल झोप लागली.

तुझा,
प्रफुल्ल

येनखेडा
३ सप्टेंबर २०२५

चि. प्रफुल्ल यास आशीर्वाद.

चालेल का म्हणून विचारतोस? तू विचारलंस याचाच मला राग आला. तिकिटं काढ.

पत्र आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उठून सगळ्यात आधी ताराबाईला सांगायला गेले. ती म्हणाली, 'आता तुया घरी बोलाचाली ऐकू येईन वो बाई. भिंती कटाळल्या असतीन तुया.' भिंतींचं माहीत नाही. मी कंटाळले होते, हे खरं. काही दिवस तर असे जातात की संध्याकाळी लक्षात येतं, आज आपण तोंड उघडलंच नाही.

मधली खोली तुमची. चुना लावून घेतला. तुझी जुनी खाट बाहेर काढून तिला नवी नवार विणून घेतली. पोरीसाठी अड्याळच्या बाजारातून पांढरी चादर आणली, कडेला निळी फुलं आहेत. तिला काय आवडतं ते कळव. पोरगी भात खाते की दिल्लीची पोळीच लागते? तलावातली मासोळी चालते का? काटे मी काढून देईन. तुझेही मीच काढत होते, लग्न होईपर्यंत.

इकडे सगळं नेहमीसारखं. दिवसातून दोन-तीनदा अंगण झाडते, कपडे आता ओसरीतच वाळत घालते, म्हणजे हाताशी राहतात. पाऊस चांगला आहे. धान हिरवंगार उभं आहे.

मंडईला पोरीला नवा फ्रॉक घेऊ. लवकर या.

तुझी आत्या,
रत्नमाला

दिल्ली
२० सप्टेंबर २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

तिकिटं मिळाली. एक नोव्हेंबरला दोघी वरठी स्टेशनवर उतरतील, तिथून गाडी करून देतो. मी पोचवायला येणार होतो, पण रजा मिळण्यासारखी नाही. येनखेड्याचा तक्ता अहवालात गेला. चांगल्या हवेच्या गावांत तो सगळ्यात वर आहे. आपलं गाव कधी कशात पहिलं आलं होतं का, आठव बरं.

घर रिकामं होणार याची मला आत्तापासूनच धास्ती वाटते. मेघा स्वयंपाकाच्या सोप्या कृती लिहून फ्रीजवर चिकटवते आहे. मी हो हो म्हणतो. चार महिने मी बहुतेक खिचडीच खाणार.

मोबाइल दुरुस्त केलास का? डिंपलला तुझ्याशी बोलायचंय. तू उचलत नाहीस म्हणून शेवटी तीही पत्राला लागली. खालच्या ओळी तिच्या. 'श्वास' मी सांगून लिहिलाय, बाकी तिचं तिनं.

तुझा,
प्रफुल्ल

आजी मी डिंपल. मी तुमच्या गावाला येनार आहे. मला मासोळी आवडते. मी पोहायला शिकनार. इथे आमची खिडकी बंद असते कारन श्वास लागतो. तुमच्या कडे रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येते का?

येनखेडा
६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रफुल्ल यास आशीर्वाद.

डिंपलला आणि मेघाला पाठवू नकोस. तिकिटं रद्द कर.

हे पत्र मी सप्टेंबरातच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मला ती पोरगी इथे हवी होती. दुसरं काहीही कारण नाही. तू तुझ्या शून्यांवर विश्वास ठेवलास आणि मी तुला ठेवू दिला. खोली चुन्यानं रंगवत बसले. घरात कोणी येणार म्हटल्यावर माणूस स्वतःला काय काय पटवून देऊ शकतो, ते मी या महिन्यात पाहिलं. मला वाटायचं, दिल्लीपेक्षा तर बरंच असेल. मागची खोली देऊ. पडदे लावू.

मग पोरीनं विचारलं, खिडकी उघडी ठेवून झोपता येतं का. मी तिच्या खाटेवर ती पांढरी चादर अंथरली आणि रात्रभर खिडकी सताड उघडी ठेवली. सकाळी चादरीवरून हात फिरवला. हात काळा झाला.

रस्त्यावरची धानाची गिरणी तुला आठवते. तू होतास तेव्हा ती नुसती भरडायची. दोन वर्षांमागे तिथे उकडा तांदूळ सुरू झाला. बॉयलर बसला, चिमणी उभी राहिली. बॉयलर धानाच्या तुसावर चालतो आणि तुसाची राख गावावर पडते. अंगणात, हंड्यात, वाळवणात, भाताच्या ताटात. कपडे ओसरीत वाळत घालते असं मी तुला लिहिलं होतं, ते त्यासाठी. अर्जाच्या पहिल्या पानावर तू 'कारखाना नाही' लिहून पाठवलं होतंस. ते मी वाचलं होतं. तेव्हा खरंच वाटलं नाही की खोडावं. गिरणीला आपल्याकडे कारखाना कोण म्हणतं? गिरणी म्हणजे गिरणी. नत्थूला तिथे काम मिळालंय, आणखी बऱ्याच घरांना मिळालंय.

आता ती शून्यं. माणसं खोटं बोलली नाहीत. रोवण्याच्या बायांची टोळी असते, टोळी मिळून शेत हुंड्यानं, म्हणजे एकगठ्ठा मजुरी ठरवून, घेते. ठरलेल्या हातांत एक हात कमी पडला की बाकीच्यांवर भार येतो, म्हणून ज्या घरची बाई पडली त्या घरानं बदली पाठवायची, ही रीत तुझ्या आजीच्या काळापासूनची. ताराबाईला यंदा रोवण्यात असा दम लागला की बांधावर बसून राहिली. तिच्या जागी टीना गेली, तिची पोरगी. पवनीला कॉलेजात आहे. परीक्षा होती, ती बुडाली. गिरणीतही तसंच. नत्थू खोकून बेजार झाला की त्याचा भाऊ पाळी करून येतो. कामाचा दिवस कोणाचाच बुडाला नाही. ताराबाईनं मला खरं तेच सांगितलं आणि मी खरं तेच लिहिलं. दिवस भरला, माणूस बदललं. तुझ्या देशाला वाटलं, इथे सगळे ठणठणीत आहेत.

आणि माझा मोबाइल बिघडलेला नाही. चार वाक्यं बोलले की मला खोकला येतो आणि तो थांबत नाही. तू ऐकलं असतंस तर धावत आला असतास, नाहीतर मला दिल्लीला ओढून नेलं असतंस. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, छाती जुनीच खराब होती, चुलीच्या धुरानं. चाळीस लेकरांची खिचडी मी रोज चुलीवर शिजवली, तो धूर आत बसलाच होता. वरून ही राख आली. यंदा दीक्षाभूमीलाही गेले नाही. इतकी वर्षं कधी चुकवलं नव्हतं. गाडीत बसायचीच हिंमत झाली नाही.

ताराबाईला टीना आहे. माझ्या जागी पाठवायला कोणी नाही, आणि मला कुठे जायचंही नाही, म्हणून माझं कोणाला कळत नाही. मी अंथरुणात पडून राहिले काय आणि अंगण झाडलं काय, देशाचं काही वजा होत नाही. तुझ्या कागदाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मला फक्त वाईट वाटलं.

पोरीला सांग, आजीकडे खिडकी उघडता येत नाही.

तुझी आत्या,
रत्नमाला

येनखेडा
१२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रफुल्ल यास आशीर्वाद.

महिना होऊन गेला, तुझं उत्तर नाही. रागावला असशील. रागाव, पण पोरगी कशी आहे तेवढं कळव. टीनाच्या फोनवर बातम्या पाहिल्या. दिल्लीत समोरचा माणूस दिसत नाही म्हणतात.

परवा मंडई झाली. मी भाकरी टाकल्या, मटण केलं. कोणी येणार नव्हतं हे ठाऊक होतं, तरी केलं. सवय. गावभर पाहुणे. ताराबाईकडे तर माणसं अंगणात मावेनात. तिनं मला जेवायला बोलावलं, पण मी गेले नाही. गर्दीत खोकला सुरू झाला की सगळी माणसं घास हातात धरून बघत राहतात. घरीच जेवले. उरलेलं दुसऱ्या दिवशी खाल्लं, तिसऱ्या दिवशीही.

एक गोष्ट झाली. मंडईला गिरणीची माणसं कामावर येत नाहीत, त्यामुळे दोन दिवस चिमणी बंद होती. दुसऱ्या पहाटे मी अंगणात आले तर तलावापलीकडचं झाड न् झाड दिसत होतं. मी इतकी वर्षं त्याच्यासमोर राहते आणि विसरूनच गेले होते. पोटभर श्वास घेतला. मग एकदम असं रडू आलं की पायरीवर बसावं लागलं. निदान दोन दिवस तरी ती पोरगी इथे हवी होती.

आज चिमणी सुरू झाली.

उत्तर पाठव.

तुझी आत्या

दिल्ली
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

मला राग आला होता. तुझा नाही असं लिहिणार होतो, पण तुझाच आला होता. संध्याकाळपर्यंत टिकला. मग आठवलं की मीही तुझ्यापासून दोन वर्षं डिंपलचं आजारपण लपवलं होतं. आपण दोघं एकमेकांना जपत बसलो आणि दोघंही एकेकट्यानं आजारपण सोसत राहिलो.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या धुरानं डिंपलला जोराचा त्रास झाला. आठवडाभर दवाखान्यात होती. ऑक्सिजन लावावा लागला. आता बरी आहे, घाबरू नकोस. मेघाच्या कॉलेजातली एक मैत्रीण लाखांदूरला शिक्षिका आहे. तिच्या घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या होत्या. दवाखान्यातून घरी आणलं आणि दोनच दिवसांनी मी दोघींना गाडीत बसवून दिलं. आसपास नुसती शेतं आहेत. या वेळी मी गिरणी, भट्टी, वीटभट्टी सगळं खोदून खोदून विचारलं. काही नाही.

तुझं पत्र मी साहेबांना मराठीतून वाचून दाखवलं आणि मग समजावून सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे जिथे जिथे शून्य आहे तिथे तिथे बदली असू शकते. पण अहवाल छापायला गेला होता, तक्ता बदलता येईना. मी भांडलो. शेवटी तळटिपेत एक ओळ मिळाली: 'काही गावांत आजारी व्यक्तीच्या जागी घरातील दुसरी व्यक्ती काम करते, त्यामुळे नुकसान कमी दिसण्याची शक्यता आहे.' टीनाच्या परीक्षेचं एवढंच झालं, आत्या. मला आणखी जमलं नाही.

दवाखान्यात होतो तो आठवडा मी खाटेशेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन ऑफिसचं काम केलं. एका हातानं तिचा मास्क धरायचा, दुसऱ्या हातानं देशाच्या बेरजा करायच्या. महिनाअखेर हजेरी पाहिली. माझेही बुडालेले दिवस शून्य.

आता माझं ऐक. लाखांदूरच्या दुसऱ्या खोलीत जा. मेघा एकटीनं शिकवण्या आणि डिंपल दोन्ही बघते, तिची फार ओढाताण होते आहे. हे तुला बोलावण्यासाठी काढलेलं निमित्त नाही, तिला खरोखर माणूस हवंय. अड्याळहून पवनी आणि तिथून लाखांदूर, एसटीचा रस्ता तुला पाठ आहे. मामाजींचं घर सोडवणार नाही हे मला कळतं. पण घर थांबेल. तुझी छाती थांबणार नाही.

तुझा,
प्रफुल्ल

लाखांदूर
१४ डिसेंबर २०२५

चि. प्रफुल्ल यास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

आले बाबा. दहा-बारा दिवस झाले.

तुझं पत्र मिळाल्यावर मी दोन दिवस तुझ्यावर चिडून काढले. घर थांबेल म्हणे! घरावर रोज राख पडते, तिला झाडायला कोण थांबणार आहे? त्याच घरात मामाजींनी शेवटचा श्वास घेतला. तू शिकलास, तुझं लग्न ठरलं, सगळं तिथंच. गिरणी तर परवाची. घर सोडून जावं तर तिनं जावं, मी का, असं मनात येत राहिलं. मग मेघाचा फोन आला. मी उचलला. ती काही फार बोलली नाही. 'आत्याबाई, रात्री मी जरा झोपावं म्हणते,' एवढंच म्हणाली. तिचा आवाज ऐकून मी बॅग भरली.

कुलूप लावताना ताराबाई उभी होती. तिनं विचारलं, 'कई येशीन परत?' मी किल्ली तिच्याच हातात ठेवली. तिलाही ठाऊक होतं, इतक्यात नाही. टीनानं बॅग एसटीत चढवून दिली. पोरगी परीक्षा पुन्हा देणार आहे, तेवढं बरं झालं. गाडी सुटेपर्यंत ताराबाई स्टँडवर खोकत उभी होती. मी निघून आले, पण ती तिथेच आहे, हे रात्री पडल्या पडल्या डोक्यातून जात नाही.

इथे खोली लहान आहे, पण खिडकी उघडी असते. बाहेर कापलेल्या धानाच्या बांध्या, लांबवर. डिंपल सकाळी दार उघडून धावत सुटते आणि मेघा मागून ओरडते. मासोळी खाते, काट्यांसकट खायचा हट्ट करते. शाळेत नाव घातलं. पहिल्याच दिवशी 'मले नाई जमत' असं बोलायला शिकून आली. मेघाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पहिल्या दिवशी ती माझ्यापासून जरा दूरच होती. मी खोकले की आईकडे बघायची. चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मी पडले होते. मेघा शिकवणी घेत होती. डिंपल आली, माझ्या शेजारी आडवी झाली आणि तिनं माझ्या छातीला कान लावला, तिची आई तिच्या छातीला लावते तसा. बराच वेळ ऐकत राहिली. मग उठून बसली आणि अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली, 'आजी, तुमच्यात पण वाजते.' मी हो म्हटलं. तिनं जाऊन स्वतःचं वाफेचं मशीन उचलून आणलं आणि तो मास्क माझ्या तोंडावर धरला. वर मला दटावलं की हलायचं नाही, दहापर्यंत मोजायचं आणि रडायचं तर मुळीच नाही. मी हलले नाही. मोजलंही. तिसरं तेवढं जमलं नाही.

मेघानं दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरकडे नेलं. आता माझा वेगळा मास्क आहे. रोज संध्याकाळी आम्ही दोघी शेजारी बसून वाफ घेतो. पोरगी मला आधी लावते, मग स्वतःला. तिला आता रात्री उठावं लागत नाही. मेघा सकाळपर्यंत झोपते.

तुझा अहवाल निघाल्याचं मेघानं सांगितलं. देशाचं किती गेलं तो आकडा तिनं मला वाचून दाखवला. इतकी शून्यं होती की मला नीट म्हणताही आला नाही. मोठं काम केलंस. मामाजी असते तर गावभर सांगत फिरले असते.

पण मेघा हेही म्हणाली की काल तू तिच्याशी बोलताना दोनदा थांबलास. विचारलं तर थंडीनं घसा धरलाय म्हणालास. प्रफुल्ल, असल्या सबबी मी तुझ्याआधी पुष्कळ वापरल्या आहेत. इथे आम्ही तिघी एकमेकींच्या छातीला कान लावून झोपतो. तुझ्या छातीला कान लावायला तिकडे कोण आहे, तेवढं मला कळव.

तुझी आत्या,
रत्नमाला